सुट्टे आहेत का? इजिप्तचे आठ दिवस आणि बक्शीश

निघण्याआधी

आपलं 'बक्षीस' आणि इजिप्तचं 'बक्शीश' एकाच फारसी घरातले. आपल्याकडे तो शब्द शाळेच्या गॅदरिंगमधल्या कपाकडे गेला, तिकडे जुन्या 'बक्षिसी'लाच चिकटून राहिला. बॅग उचलली, दार उघडलं, हात पुसायला कागद दिला की वर काहीतरी द्यायचं. यात गैर काही नाही, इजिप्ती माणूसही देतो. त्यात २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला साधारण १६ असलेला इजिप्ती पौंड मार्च २०२४ पर्यंत पन्नाशीच्या आसपास गेला. पगारावर जगणाऱ्या पहारेकऱ्याचं आणि वेटरचं त्यात काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको.

डोक्याला ताप होतो तो दुसऱ्या प्रकाराचा. आपण न मागितलेलं काम कोणीतरी आपल्यावर लादतो आणि मग त्याचे पैसे मागतो. दोन्हींना शब्द एकच, त्यामुळे नवखा माणूस एकतर सगळ्यांना देत सुटतो किंवा सगळ्यांवर खेकसतो. ओळखायची खूण साधी आहे: सुरुवात कोणी केली, आणि रक्कम आधी ठरली का.

तयारी मुंबईतच सुरू होते. सहलीच्या पत्रकात 'टिप्ससह' आहे की 'टिप्स वगळून', हे बुक करण्याआधी विचारून घ्या. 'टिप्ससह' असेल तर त्यात कोण कोण आलं तेही विचारा. बहुतेकदा ड्रायव्हर, स्थानिक गाइड आणि क्रूझचा स्टाफ येतो. खोली साफ करणारा, स्वच्छतागृहातला माणूस आणि पहारेकरी येत नाहीत. स्वतःहून जाणाऱ्यांना सगळंच स्वतः बघायचं असतं.

स्थानिक नाणं पौंड, बोलण्यात 'गिनेह'. एक गिनेह म्हणजे पावणेदोन रुपयांच्या आसपास. निघताना दर पाहून घ्या. एटीएममधून बहुतेक २०० च्याच नोटा येतात आणि तीच खरी अडचण आहे. सुट्ट्या पैशांना तिकडे 'फक्का' म्हणतात, आणि 'मफीश फक्का', म्हणजे सुट्टे नाहीत, हे वाक्य तुमच्या दोनशेच्या नोटेची वाटच पाहत असतं. दोन माणसांना आठ दिवसांसाठी १० च्या ३०, २० च्या ४०, ५० च्या २० आणि १०० च्या १० नोटा पुरतात. एकूण ३,१०० गिनेह, म्हणजे साडेपाच हजार रुपयांच्या आत. गाइड आणि क्रूझची टिप यात धरलेली नाही. एवढे सुट्टे एका जागी मिळत नाहीत. बँकेच्या काउंटरवर मागायचे, किराणा दुकानात किंवा कोशरीच्या (डाळ-भात-मॅकरोनीचा तिथला स्वस्त पदार्थ) हॉटेलात मोठी नोट मोडायची, मेट्रोच्या तिकीट खिडकीवर मोडायची. मिळतील तिथे मिळतील तेवढे जमवत राहायचं.

जमवलेले सुट्टे वेगळ्या खिशात ठेवा. बक्शीश देताना पाकीट उघडायचं नाही, हा नियम मोडला की बाकीचे नियम निरुपयोगी. समोरच्याला आतली हिरवी-तपकिरी गड्डी दिसली की वीसची नोट त्याला अपमान वाटायला लागते. देताना रक्कम तोंडाने म्हणायची: "मीतेन", म्हणजे दोनशे. नाहीतर हातातल्या हातात दोनशेची वीस होते आणि "तुम्ही वीसच दिले" असं ऐकावं लागतं. परत घेताना पन्नास गिनेह आणि पन्नास पियास्तर यांतला फरक बघा. पियास्तर म्हणजे त्यांचे पैसे, शंभराचा एक गिनेह. पन्नास पियास्तरची नोट आकाराने बरीच लहान असते, पण घाईत आकडाच वाचला जातो.

आकड्यांवरून आठवलं. नोटेच्या एका बाजूला इंग्रजी आकडे असतात, दुसऱ्या बाजूला आणि दुकानाच्या पाट्यांवर अरबी. त्यातला पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. सहा इंग्रजी सातासारखा दिसतो, सात इंग्रजी 'व्ही'सारखा, आठ उलट्या 'व्ही'सारखा. लिहायची दिशा मात्र आपल्यासारखीच, डावीकडून उजवीकडे. विमानात अर्धा तास घालवलात तर पाटीवरचा भाव आणि तुम्हाला सांगितलेला भाव ताडून बघता येतो.

शब्द फार लागत नाहीत. 'ला, शुक्रन': नको, धन्यवाद. 'मिश आयेझ' पुरुषाने म्हणायचं, 'मिश आयझा' बाईने: मला नको. 'बिकाम?': केवढ्याला. 'खलास' आपल्या ओळखीचाच, संपलं. 'इम्शी' हा शब्द कुठेतरी वाचायला मिळतो. तो हाडतुड करणारा आहे, वापरू नये. शब्दांपेक्षा मान महत्त्वाची. आपण ऐकतोय हे दाखवायला जी मान डोलावतो ती तिकडे 'हो' म्हणून वाचली जाते. उजवा तळहात छातीवर ठेवून किंचित मान लववली की ते सभ्य 'नको' होतं, आणि चालण्याचा वेग कमी न करता करता येतं.

पहिला दिवस: कैरो विमानतळ

मुंबईहून कैरोला थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास. सामान येतं त्या पट्ट्यापाशी ट्रॉलीचा दांडा धरून कोणीतरी उभा असतो. ट्रॉली हवी असेल तर स्वतः ओढून घ्या. त्याने बॅग चढवली तर दोन बॅगांचे ४० गिनेह रास्त आहेत. तो डॉलर म्हणेल, आपण गिनेहच द्यायचे.

बाहेर गळ्यात ओळखपत्र लटकवलेली माणसं 'ऑफिशियल टॅक्सी' म्हणतात. ओळखपत्र कोणालाही छापता येतं. उबर किंवा करीम ॲपवरून गाडी मागवावी, पण त्यातही मेख आहे. ड्रायव्हर मेसेज पाठवून कुठे जायचंय आणि रोख आहे का ते विचारतो, मग राइड रद्द करून 'बाहेरून' जाऊ म्हणतो. उत्तर न देता दुसरी गाडी पाहायची. रोख देणार असाल तर नेमकी रक्कम हातात हवी. त्याच्याकडे फक्का नसतो, हे गृहीतच धरा.

हॉटेलात बॅग वर नेणाऱ्याला दर बॅगेला २०. खोली साफ करणाऱ्याला रोज २० ते ३०, शेवटच्या दिवशी एकदम नाही, कारण माणसं बदलतात. नोट उशीवर ठेवून सोबत चिठ्ठीवर 'शुक्रन' लिहा. नुसती टेबलावर पडलेली नोट पाहुण्याची विसरलेली समजून ते बऱ्याचदा हात लावत नाहीत.

जेवणाच्या बिलात १२ टक्के सेवा आकार आणि १४ टक्के कर वेगळे लावलेले दिसतील. सेवा आकार वेटरच्या हातात किती पडतो ते हॉटेलमालकावर असतं, म्हणून वर पाच ते दहा टक्के रोख देण्याचा रिवाज आहे. कोशरीच्या दुकानात किंवा उभ्याने फलाफल खाताना ही भानगड नाही.

दुसरा दिवस: गिझा

सगळा अभ्यास इथे कामाला येतो. एप्रिल २०२५ पासून पिरॅमिडच्या पठारावर नवी व्यवस्था आली. प्रवेशद्वार फय्यूम रस्त्याच्या बाजूला गेलं, आत विजेवरच्या बस फिरतात, उंट-घोड्यांना वेगळी जागा नेमून दिली. त्रास कमी झाला, पण रस्त्यावरचा डाव तोच आहे. टॅक्सी पठाराजवळ आली की कोणीतरी पुढे उभा राहून गाडी थांबवतो, कधी बॉनेटवर थाप मारतो, आणि सांगतो की हा रस्ता बंद, प्रवेश इकडून, किंवा आत गाड्यांना मनाई, उंट घ्यावा लागेल. तो गाडीला तबेल्याकडे वळवतो. ड्रायव्हरही कधी त्यात सामील असतो. फोनवर नकाशा उघडा ठेवायचा आणि तिकीट खिडकी डोळ्यांना दिसेपर्यंत उतरायचं नाही.

तिकिटाचे पैसे मोठ्या स्थळांवर आता रोख घेत नाहीत, कार्डच लागतं. ऑनलाइनही काढता येतं. म्हणून बाहेर कोणी 'माझ्याकडे तिकीट आहे, कॅश चालेल' म्हणाला तर विषय तिथेच संपला. आत शिरल्यावर साध्या कपड्यातला माणूस हात पुढे करून 'तिकेत, तिकेत' म्हणतो. तिकीट त्याच्या हातात गेलं की तो तुमचा गाइड झाला आणि तिकीट ओलीस राहिलं. तिकीट फाटकावरच्या यंत्राला आणि खुफूच्या पिरॅमिडमध्ये शिरताना तिथल्या कर्मचाऱ्याला दाखवायचं. बाकी कोणाला नाही.

मग भेटवस्तू. डोक्यावर रुमाल गुंडाळला जातो, तळहातावर छोटा दगडी भुंगा ठेवला जातो, 'गिफ्ट, फॉर यू, इंडिया माय फ्रेंड'. पाठोपाठ अमिताभ बच्चनचं नाव येतं. ते प्रेम खोटं नाही, इजिप्तमध्ये त्यांचा चाहतावर्ग खरोखर मोठा आहे, पण पिरॅमिडच्या सावलीत ते वाक्य दुकानाचं शटर वर करण्यासाठी असतं. वस्तू हातात घेऊच नये. ठेवलीच तर परत देण्याच्या खटाटोपात पडायचं नाही, कारण तो हात मागे घेतो आणि दहा मिनिटं तुमच्यामागे चालतो. जवळच्या दगडावर ठेवायची, छातीवर हात, 'ला शुक्रन', आणि पुढे. थांबून कारण सांगितलं की हरलात. 'आत्ता नको, नंतर' हे आपलं सभ्य वाक्य तर इथे घातक आहे. परतताना तो नेमका तिथेच उभा असतो आणि तुम्ही शब्द दिलेला असतो.

उंटावर बसायचंच असेल तर चार गोष्टी आधी ठरवा: किती वेळ, कुठपर्यंत, पैसे माणशी की उंटामागे, आणि गिनेह की आणखी काही. 'वीस' म्हणताना कुठल्या देशाचे पौंड ते न ठरल्याने ब्रिटिश पौंड मागितल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: रक्कम चढ-उतार धरून. उंट बसलेला असताना चढणं सोपं. तो उभा राहिला की तुम्ही जमिनीपासून दोन-अडीच मीटर वर असता आणि त्याला बसवायचं सांगणारा माणूस खाली असतो. उतरायचे वेगळे पैसे तो तिथेच मागतो. म्हणून पैसे पायाला जमीन लागल्यावर. रक्कम फोनवर टाइप करून दाखवली आणि त्या पडद्याचा स्क्रीनशॉट ठेवला तर 'तसं म्हणालोच नव्हतो' हा वाद राहत नाही. फोटो काढायला फोन उंटवाल्याकडे देताना विचार करा; फोन परत मिळतो, पण तो बक्शीशनंतर.

पिरॅमिडच्या आतही माणूस असतोच. चढता बोळ इतका बुटका की कंबरेत वाकून जावं लागतं. पुढे उंच मोठी दालन-वाट लागते आणि शेवटी ग्रॅनाइटची राजाची खोली. तिथे पहारेकरी 'फोटो?' विचारतो आणि फोन घेऊन शवपेटीपाशी उभं करतो. फोटो हवा असेल तर वीसची नोट, नको असेल तर फोन हातातून सोडू नका. साध्या फोनने स्वतः फोटो काढायला वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळे 'फोटो फोर्बिडन, बट फॉर यू ओके' हे वाक्य ऐकलं की हसून पुढे व्हावं.

दुपारी ग्रँड इजिप्शियन म्युझियम ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते रीतसर उघडलं. वेळेची तिकिटं ऑनलाइन काढायची असतात. तिथे कोणी मागे लागत नाही, सकाळचा थकवा तिथे उतरतो.

तिसरा दिवस: सक्कारा आणि खान अल-खलीली

सक्काऱ्याचा जोसेरचा पायऱ्यांचा पिरॅमिड सुमारे ४,७०० वर्षांचा. गर्दी कमी, म्हणून पहारेकरी निवांत आणि गप्पिष्ट. मेरेरुका, कागेम्नी यांच्या थडग्यांत तो टॉर्च घेऊन सोबत येतो आणि भिंतीवरचा पाणघोडा, मासे, बदकं नेमकी दाखवतो. हे काम खरं आहे; अंधारात एवढं बारीक कोरीवकाम आपल्या नजरेतून सुटलं असतं. २० ते ५० आनंदाने द्यावेत. तोच जर दोरीपलीकडे 'स्पेशल' म्हणून न्यायला लागला तर जाऊ नका. ती दोरी रंगावर हात आणि खांदे घासू नयेत म्हणून बांधलेली असते, आणि तुमची नोट दोरी ओलांडायची किंमत ठरते.

सक्कारा रस्त्यावर गालिच्यांच्या 'शाळा' आणि गिझ्याजवळ पपायरसच्या 'इन्स्टिट्यूट' आहेत. दोन्ही दुकानं. ड्रायव्हरला विक्रीवर कमिशन मिळतं, म्हणून तो 'फक्त पाच मिनिटं, बघायला फुकट' म्हणतो. गाडी ठरवतानाच 'दुकान नाही' असं सांगा. भाडं थोडं वाढलं तरी ते स्वस्त पडतं. पपायरस घ्यायचाच असेल तर कागद उजेडासमोर धरा. खऱ्यात आडवे-उभे पट्टे एकमेकांवर दाबलेले दिसतात आणि गुंडाळी केली तरी तो तुटत नाही. केळीच्या पानाचा नकली कागद दुमडला की तडकतो.

संध्याकाळी खान अल-खलीली, कैरोचा जुना बाजार. इथे 'केसर' पोत्याने दिसतं, आणि तिथेच शंका यायला हवी. ढिगाने, नारिंगी रंगाचं, चपट्या पाकळ्यांचं जे दिसतं ती चक्क करडई. सोलापूर-विजापूरकडच्या माणसाला हातात घेतलं की कळतं. खऱ्या केशराचा धागा गडद तांबडा आणि टोकाला तुतारीसारखा उघडा असतो. कोमट पाण्यात टाकला की रंग हळूहळू पिवळा सुटतो आणि धागा तांबडाच राहतो. करडई पाणी पटकन रंगवते आणि पाकळी फिकी पडते. अर्थात, करडईच्या पाकळ्या करडईच्या भावात घ्यायला हरकत नाही. 'करकदे' म्हणून विकतात ती सुकी फुलं मात्र खरी आणि चांगली. ती आपल्या लाल अंबाडीची बोंडं. थंड सरबत झकास होतं.

भावात पहिला आकडा आपण बोलू नये. त्याने सांगितलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून सुरू करून निम्म्याच्या आत थांबायचं, आणि आकडा ठरला की घ्यायचंच. घासाघीस करून मग न घेणं तिकडे खरोखर अपमानाचं मानतात. चहा दिला तर प्या. चहाने खरेदी बंधनकारक होत नाही, अत्तराच्या दुकानातसुद्धा.

चौथा दिवस: लक्सर, पूर्व किनारा

कैरोहून लक्सर विमानाने तासाभरात. टॅक्सी निळ्या-पांढऱ्या, मीटर नावालाच.

कर्नाकच्या मंदिरातल्या मोठ्या सभामंडपात १३४ खांब आहेत. त्या खांबांच्या आडून पांढऱ्या झग्यातला माणूस बोटाने खुणावतो. जवळ गेलात तर तो एक कोरीव नक्षी दाखवेल, तुमचा हात धरून दगडावर ठेवेल आणि तोच हात पुढे करेल. दाखवलं ते तुम्ही गेलात तरी दिसणारच होतं. नजर न देणं हाच उपाय. पवित्र तलावाजवळच्या दगडी भुंग्याभोवती सात फेऱ्या मारायला मात्र कोणी पैसे मागत नाही.

बाहेर घोडागाडीवाले, 'हंतूर'. पाचशे मीटर मागे येतील, 'माझ्या घोड्याला जेवायचंय' म्हणतील. रक्कम माणशी की गाडीची, जायची की येऊन-जाऊन, हे न ठरवता पाय वर ठेवू नका. घोड्याच्या पाठीवर जखमा दिसल्या तर मुळीच बसू नका. किनाऱ्यावर फेलुका, म्हणजे शिडाची होडी, तासाच्या भावाने आणि अख्ख्या होडीची ठरवायची. वारा पडला तर तास लांबतो. वरचा वेळ कोणाच्या खात्यात, तेही आधी विचारा.

पाचवा दिवस: पश्चिम किनारा

नाईल ओलांडायला सार्वजनिक फेरीबोट आहे, भाडं अगदी किरकोळ. धक्क्यावर 'फेरी बंद' सांगणारे मोटारबोटवाले असतात. समोर फेरी लोकांनी भरताना दिसतच असते.

पलीकडे दिवसभराची गाडी ठरवताना थांबे कागदावर लिहा: राजांची दरी, हत्शेप्सुतचं मंदिर, मेदिनेत हाबू, मेम्नॉनचे पुतळे. थांबण्याचा वेळ धरून एक रक्कम, पैसे संध्याकाळी. वाटेत अलाबास्टरचे कारखाने लागतात. दारात चार माणसं दगड घासत बसलेली, आत यंत्रावरचा माल. हाताने केलेली वाटी जाडीला असमान आणि वजनाला हलकी असते, आत फोनचा दिवा धरला की उजेड बाहेर झिरपतो. एकसारखी, गुळगुळीत, जड आणि स्वस्त असेल तर बहुधा यंत्राची. 'जमिनीवर आपटून दाखवतो, फुटत नाही' हे नाटक काळ्या दगडाच्या तुकड्यावर करतात आणि विकतात दुसरा तुकडा.

राजांच्या दरीत साध्या तिकिटात तीन थडगी पाहता येतात. तुतनखामुन, पहिला सेती आणि पाचवा-सहावा रामसेस यांची तिकिटं वेगळी. खाली उतरताना पहारेकरी पुठ्ठ्याचा तुकडा हातात देतो, पंख्यासारखा. आत उकडतं, पुठ्ठा उपयोगीही असतो, आणि बाहेर येताना तो परत घेताना हात रिकामा पुढे येतो. घेतला तर १० द्या. नको असेल तर दोन्ही हात खिशात ठेवून उतरा. टॉर्च मारून छतावरची आकाशदेवी नूत दाखवणारा मात्र नोटेला पात्र. सहाव्या रामसेसच्या थडग्यात ती छतभर पसरलेली आहे आणि मान वर करून किती वेळ बघत राहावं याला मर्यादा नाही.

एक प्रकार पहिल्यांदा गोंधळात टाकतो. कोणी मूठभर युरोची नाणी पुढे करून नोट मागतो. हा बहुतेकदा खरा असतो: टिप म्हणून मिळालेली परदेशी नाणी बँक बदलून देत नाही. तुमच्याजवळ युरो नसतील तर ला शुक्रन. याच कारणाने भारतातून डॉलर नेत असाल तर कोऱ्या नोटा न्या. फाटकी, शाई लागलेली एक डॉलरची नोट तिकडे कोणी घेत नाही.

सहावा दिवस: क्रूझ, एस्ना आणि एडफू

लक्सर सोडल्यावर एस्नाला जहाज जलपाशात, म्हणजे बंधाऱ्यावर जहाज वर-खाली नेणाऱ्या दारांच्या हौदात, शिरण्यासाठी रांगेत थांबतं. आणि खालून 'हॅलो! हॅलो!' सुरू होतं. लहान होड्या, एकेकीत दोन माणसं. एक वल्हवतो, दुसरा दोर टाकून होडी जहाजाला अडकवतो आणि फरफटत सोबत येतो. मग प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले गलाबिये (पायघोळ झगे), टेबलक्लॉथ, शाली थेट वरच्या डेकवर येऊन पडतात. दोन-तीन मजले वर इतका अचूक नेम पाहण्यासारखा आहे.

व्यवहार ओरडून चालतो. पिशवी उघडा, कापड बघा. 'कॉटन' म्हणून येतं ते बऱ्याचदा पॉलिस्टर. बोटांत चुरगाळून सोडा, सुरकुती अजिबात पडली नाही तर ते सुती नाही. मोठ्या गलाबियाची बाही आणि गळा मोजा, कारण बदलून मिळणार नाही. भाव जुळला तर नोट त्याच पिशवीत दुसऱ्या एखाद्या घडीच्या वजनाने बांधून खाली टाकायची. नको असेल तर माल लगेच परत टाका, पण नेम धरून. पाण्यात पडला तर भांडण तुमचं. क्रूझवर एका रात्री गलाबिया पार्टी असते आणि जहाजावरच्या दुकानात तोच झगा महाग पडतो, त्यामुळे हा बाजार अगदीच टाळण्यासारखा नाही.

एडफूला धक्क्यापासून होरसच्या मंदिरापर्यंत घोडागाड्या. सहलीत असाल तर भाडं आधीच भरलेलं असतं. गाडीचा क्रमांक लक्षात ठेवा, कारण परत त्याच गाडीने यायचं असतं. चालक अर्ध्या वाटेत 'भाडं मालकाला, मला काही नाही' म्हणतो. परत धक्क्यावर उतरल्यावर २० द्या, मध्येच थांबवलं तरी नाही. कोम ओम्बोला मंदिर धक्क्याला लागूनच, तिथे हा प्रश्न येत नाही.

केबिनमध्ये टॉवेलचं माकड किंवा मगर करून टांगलेली दिसेल. ती कला टिपसाठीच असते, आणि क्रूझवर टिपेची पद्धत एकत्र आहे: शेवटच्या रात्री रिसेप्शनवर पाकीट किंवा पेटी. माणशी दिवसाला ५ ते १० डॉलर इतकं साधारण अपेक्षित असतं. तिथे दिल्यावर प्रत्येकाला वेगळं द्यायची गरज नाही. गाइडची टिप यात नसते, ती त्याच्या हातात वेगळी.

सातवा दिवस: अस्वान

फिलेचं मंदिर बेटावर आहे. मूळ बेट पाण्याखाली जात होतं म्हणून युनेस्कोच्या मोहिमेत १९७२ ते १९८० या काळात मंदिर दगडादगडाने सुटं करून शेजारच्या अगिल्किया बेटावर नेलं. तिकीट मंदिराचं, होडीचं भाडं वेगळं, आणि इथेच घोळ. भाडं अख्ख्या होडीचं, जाऊन-येऊन, थांबण्यासह ठरवायचं आणि परत आल्यावर द्यायचं. जाताना दिलं तर परतीला वेगळी मागणी होते, आणि बेटावरून पोहून येता येत नाही. दुसरं एखादं कुटुंब सोबत घेतलंत तर भाडं निम्मं. होडीचा फोटो काढून ठेवा. धक्क्यावर सगळ्या होड्या सारख्याच दिसतात.

दुपारी घर्ब सोहेल या नूबियन गावाकडे जाताना लहान मुलं फळीवर बसून हाताने वल्हवत येतात, तुमची होडी धरतात आणि गाणं सुरू करतात. देश विचारून गाणं बदलतात. गंमत वाटते, पण ती भर प्रवाहात चालत्या होडीला लोंबकळलेली असतात आणि शाळेऐवजी इथे असतात. मुलांच्या हातात पैसे न देणं आम्हाला बरं वाटतं. गावातली मगर हातात घेऊन फोटो आणि मेंदी, दोन्हींचा दर आधी विचारा. मेंदीला 'ब्लॅक हेना' म्हणत असतील तर हात मागे घ्या; काळ्या रंगासाठी त्यात रसायन घालतात आणि कातडीला फोड येतात.

आठवा दिवस: अबू सिंबेल आणि परत

अस्वानहून सुमारे २८० किलोमीटर, पहाटे चारच्या सुमारास निघतात. ड्रायव्हर सात तास गाडी चालवणार असतो, त्याला सगळ्यांनी मिळून १०० ते २०० द्यावेत. मंदिरात पहारेकरी 'अंख' या प्राचीन जीवनचिन्हाच्या आकाराची मोठी किल्ली हातात देतो आणि दाराशी उभं करून फोटो काढतो. फोटो खरंच छान येतो. वीस.

बाहेरची वाट दुकानांच्या रांगेतूनच जाते. इथले विक्रेते दिवसात मोजकेच तास गिऱ्हाईक पाहतात, म्हणून जोर जास्त. चालत राहा, थांबायचं असेल तर एकाच दुकानात थांबा. कोणी वाट अडवलीच, हात धरला, किंवा पैसे घेऊन फोन परत दिला नाही, तर आवाज चढवण्याआधी 'शुर्ता', पोलीस, एवढा एक शब्द मोठ्याने म्हणा. पर्यटक पोलिसांचा क्रमांक १२६. बहुतेक वेळा फोन लावेपर्यंत वेळ येत नाही.

परतीच्या विमानतळावर बॅग तपासणारा हळूच 'काही राहिलंय का?' विचारतो. राहिलेलं नाही, असं सांगायला हरकत नाही. फक्त दहाच्या दोन-तीन नोटा बाजूला ठेवा. आतल्या स्वच्छतागृहात नळ सोडून देणारा आणि हात पुसायला कागदाचे नेमके दोन तुकडे फाडून देणारा माणूस अजून बाकी असतो.